सुतकातली गिटार

गिटार मी निवडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मध्येच तोंड घालायला नको. आग्नेलोने नाही निवडली, त्याच्या पोराने नाही, दुकानदाराने तर नाहीच नाही. मी, जयवंत. चाळीस वर्षं गिरगावातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ह्या हातांनी गिटारी, मेंडोलिन, पेट्या दुरुस्त केल्या. गिटारीची मान वाकली असेल तर तार न छेडता मला कळतं. एवढी अक्कल होती, आणि त्या अकलेने मी काय केलं ते आता ऐका.

आग्नेलो आणि मी खोताच्या वाडीत समोरासमोर राहतो. मधली गल्ली इतकी चिंचोळी, की त्याने ओटीवरून काडेपेटी फेकली तर मी माझ्या गॅलरीत झेलतो. तो गोदीत कारकून होता आणि शनिवार-रविवार लग्नात, डान्समध्ये गिटार वाजवायचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणजे एकाहत्तरचा, पण आमचं लहानपणापासून अरे-तुरेच. आम्ही भांडलोय पण भरपूर. एकदा पाण्याच्या नळावरून अख्खा गणपती गेला तरी बोललो नव्हतो.

त्याची बायको जर्ट्रूड. वाडीत सगळे गर्टीच म्हणायचे. माहेर उत्तनचं, शाळेत शिवण शिकवायची, बोलायला फटकळ. मी पण तसलाच, म्हणून आमचं चांगलं जमायचं. 'जयवंत, तुझं लग्न झालं नाही हे एका बाईचं नशीब,' असं ती माझ्या तोंडावर म्हणायची. लग्न का झालं नाही ते विचारू नका. मी दादा-वहिनींसोबत राहिलो आणि माझं बरं चाललं.

चार वर्षांपूर्वी गर्टी विसरायला लागली. आधी चाव्या, मग गॅस, मग माणसं. मला कधी ओळखायची, कधी 'तो पोस्टमन आलाय' म्हणायची. दिवसभर तशी शांत असायची, पण चार वाजले की तिला काय व्हायचं देव जाणे. चपला शोधायची आणि म्हणायची, "चल, मला घरी जायचंय." आग्नेलो म्हणायचा, "अगं, हेच घर." "हे नाय. माझं घर." म्हणजे उत्तनचं. ते घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली त्याला वीस वर्षं झाली, पण हे तिला कोण समजावणार?

मग आग्नेलो गिटार काढायचा. त्याची जुनी, पोकळ पोटाची, मोठी गिटार. चार ते साडेसहा, रोज, न चुकता. तो वाजवायला लागला की गर्टी ओटीवरच्या बाकावर त्याला खेटून बसायची ती उठायचीच नाही. अंधार पडला की तिची ती वेळ टळायची, भात खाऊन झोपायची. वाडीत सगळ्यांना हे माहीत होतं. तेच ते तुकडे रोज ऐकून कोणाला कटकट होत असेलही, पण कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी गप्प बसतो असं फार कमी वेळा होतं.

त्यांचा मुलगा टेरेन्स वसईला असतो. चांगला मुलगा आहे, उगाच कोणाला वाईट कशाला म्हणा. त्याने बापाला एकच सांगून ठेवलं होतं, की मम्मी रस्त्यावर एकटी सापडायला लागली तर तिला नन्सच्या आश्रमात ठेवायचं. आश्रम बायकांचा. आग्नेलोला आठवड्यातून एकदा जाऊन भेटता आलं असतं. आग्नेलो मला म्हणाला होता, "जयवंत, मला दुसरं काय नको रे. ती माझ्या हातून जेवते, माझ्या बाजूला झोपते. तिला इथेच जाऊ दे, माझ्या घरातून." एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते त्या चार ते साडेसहावर टिकून होतं.

फेब्रुवारीत माझा दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत संपला. दादाला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी दिला, डोकं मी भादरलं, तेरा दिवसांचं सगळं माझ्यावर आलं. आग्नेलोने खांदा दिला. चंदनवाडीहून परत आला, आंघोळ केली आणि गिटार पेटीत घालून पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. मी गॅलरीतून पाहिलं.

आमच्या वाडीत हे असंच आहे. कोणी शिकवलेलं नाही. त्यांच्याकडे मयत झालं तर आम्ही दिवाळीतही कंदील लावत नाही. आमच्याकडे झालं तर ते टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक करतात, तेरावं होईपर्यंत. मला तेव्हा भरून आलं. म्हटलं, शेजार असावा तर असा.

तिसऱ्या दिवशी चारला गर्टी उठली. आग्नेलो तिचा हात धरून बसला होता, पण माणूस किती वेळ हात धरून बसणार? तो दूध उतरवायला आत गेला आणि ती ओटी उतरली. वाडीच्या तोंडाशी फुलवालीने धरून परत आणली. चौथ्या दिवशी तर ती मेन रोडला पोचली. दोन बसच्या मधे उभी होती म्हणे, हातात एक चप्पल घेऊन. एका टॅक्सीवाल्याने आणून सोडली.

कोणीतरी टेरेन्सला फोन केला. पाचव्या दिवशी तो आला. आरडाओरडा नाही केला. आईच्या पायाला लागलं होतं ते डेटॉलने पुसलं आणि बापाला म्हणाला, "डॅडी, आता नेक्स्ट टाइम मी विचारणार नाही. डायरेक्ट घेऊन जाणार." सगळं आमच्या घरात स्पष्ट ऐकू आलं.

त्या संध्याकाळी रमावहिनीने मला हाक मारली. ती दादाच्या फोटोसमोर बसली होती, पाच दिवसांत अर्धी झालेली. म्हणाली, "भावोजी, आग्नेलोला सांगा, वाजव म्हणून."

"वहिनी, दादाला जाऊन आज पाचवा दिवस आहे."

"मला मोजायला येतात दिवस. ह्यांना आवडायचं त्याचं वाजवणं. आणि मलाही हे घर खायला उठतंय. त्या बिचारीचे हाल बघवत नाहीत."

"लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? नवरा माझा गेलाय ना?"

मी चिडलो. मला असं कोणी अडवलं की मी चिडतोच. म्हटलं, "तेरावं होऊ दे. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. दादाचं सगळं रीतसर होणार म्हणजे होणार." वहिनी परत दादाच्या फोटोकडे वळली. मी हेकट आहे हे तिला पस्तीस वर्षं माहीत आहे. तिचा निरोप मी आग्नेलोला दिला नाही. विसरलो वगैरे काही नाही. दिला नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तोवर दुसरंच चमकलं होतं. मी आग्नेलोच्या पायरीपाशी गेलो. सुतक म्हणून वर चढलो नाही, खालीच उभा राहिलो.

"आग्नेलो, छोटी इलेक्ट्रिक घे."

"काय करू घेऊन?"

"अरे, भरीव लाकडाची, हेडफोन लावायची. तू वाजव, तुझ्या कानात वाजेल, गल्लीत एक सूर जाणार नाही. गर्टीला तू वाजवताना दिसशील, झालं. पुढे पण कामाला येईल. टेरेन्सकडे राहायला जाल तेव्हा खांद्याला अडकव. हॉस्पिटलात तीन-तीन तास बसता, तिथे वाजव. तुझं ते मोठं धूड उचलताना खांदा दुखतो ना?"

तो म्हणाला, "तुझ्या घरात मयत आणि मी गिटार घेऊन बसू? बरं दिसतं का?"

"आवाजच नाही तर सुतक कसलं मोडतंय?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की वर आल्यावर वहिनीलाही ऐकवलं. ती म्हणाली, "डोकं भादरून दादरला बाजारहाट केलेला चालतो. शेजाऱ्याने दोन सूर छेडलेले चालत नाहीत. बरंय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हटलं, खरेदी आग्नेलोची, मी नुसता सोबत जातोय.

सहाव्या दिवशी सकाळी गर्टीला वहिनीपाशी बसवलं आणि आम्ही टॅक्सीने दादरला गेलो. विकासचं दुकान. विकास माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःच पन्नाशीचा झालाय. माझं डोकं बघून त्याने काही विचारलं नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी माझं सुरू केलं.

पहिली गिटार त्याने काढली ती लहान मुलांची असते तसली. मी हातात घेतली आणि परत दिली. मान आखूड, मानेवरच्या सुरांच्या पट्ट्या जवळजवळ. आग्नेलोची बोटं म्हणजे केळी, दोन सुरांच्या मधे तिसरा दाबला जाईल. शिवाय मान आखूड असली की तारा सैल पडतात, सूर हलतो. दुसरी दुमडायची होती, मान मधून घडी होऊन पिशवीत जाणारी. दिसायला झकास. मी तिचा सांधा दोनदा उघडझाक केला आणि म्हटलं, "विकास, सहा महिन्यांनी हा सांधा ढिला पडणार आणि ह्या म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर आणून आपटायची. आत ठेव."

तिसरी बरोबर होती. डोकं नसलेली. म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या नाहीत, खुंट्या सगळ्या खालच्या बाजूला. मानेची लांबी पूर्ण, मोठ्या गिटारीएवढी, पण डोकं नाही आणि अंगही एवढंएवढंसं, म्हणून एकूण गिटार हातभर कमी. वजन दोन किलोच्या आत. मी आग्नेलोला बसवून मांडीवर दिली, दोन्ही हात सोडायला लावले. मान खाली झुकली नाही. डोकं नसलेल्या काही गिटारी अंगाने इतक्या हलक्या असतात की तोल राहत नाही आणि डावा हात मान सावरण्यातच दमतो. ही राहिली. तारा पट्ट्यांपासून किती वर आहेत ते मी डोळ्याजवळ धरून पाहिलं. पट्ट्यांच्या कडा बोटाने चाचपल्या, कुठे टोचतात का. हेडफोनची जागा थेट अंगातच, आत छोटी बॅटरी. वेगळा डबा नको, वायरी नकोत.

आग्नेलोने हेडफोन लावून वाजवली. आम्हाला नुसती टिकटिक ऐकू येत होती, नखाने टेबल वाजवल्यासारखं. पण तो डोळे मिटून हसला. सहा दिवसांत पहिल्यांदा. "मस्त आहे, मॅन," असं तो इतक्या मोठ्याने ओरडला की दुकानातले सगळे वळून बघायला लागले. कान बंद असले की माणसाला आपला आवाज कळत नाही.

विकास म्हणाला, "काका, घरात अजून कोणी ऐकणार असेल तर ही एक दुभागी पिन घ्या. दोन हेडफोन लागतात." मी तीही घ्यायला लावली, गर्टीसाठी. म्हणजे बघा, त्याचाही विचार मी केला होता. मी सगळ्याचाच विचार केला होता.

त्या दिवशी चारला आग्नेलो बाकावर बसला, गर्टी शेजारी. दुसरा हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने अर्ध्या मिनिटात ओरबाडून काढला आणि खाली आपटला. "कानात शिरतंय, कानात शिरतंय," म्हणून रडायलाच लागली. आग्नेलोने तिला थोपटलं आणि स्वतः वाजवायला लागला. ती बघत बसली. त्याच्या बोटांकडे. साडेसहापर्यंत.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गॅलरीतून मी त्याला अंगठा दाखवला, त्याने मला दाखवला. सुतकही राहिलं, गर्टीही बसली. मी वहिनीला म्हटलं, "बघा." ती तांदूळ निवडत होती, तिने वर बघितलं नाही.

मग मी रोज चौकशी करायचो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. "कशी वाजते रे? तार लागते का? मान बरोबर आहे ना?" आग्नेलो म्हणायचा, "फर्स्ट क्लास."

आठव्या दिवशी मी पायरीपाशी उभा होतो तेव्हा गर्टी वाकली आणि तिने गिटारीच्या अंगाला कान लावला. बराच वेळ तशीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बंद पडला." रेडिओ बंद पडल्यावर म्हणतात तसं. मी हसलो. म्हटलं, "बंद नाही पडला गर्टी, भरीव लाकूड आहे. पोट नाही ना तिला, आवाज घुमणार कुठे?" आग्नेलोचे कान बंद, डोळे मिटलेले, त्याला काहीच कळलं नाही. ती परत म्हणाली, "बंद पडला." आणि मी त्या बाईला गिटारीतला आवाज कसा तयार होतो ते समजावत बसलो. हे मला आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. ती मला सांगत होती. तिला जेवढं येत होतं तेवढ्यात तिने स्वच्छ सांगितलं होतं.

दहाव्या दिवशी मी बाणगंगेला होतो. पिंड ठेवले. कावळा शिवायला दीड तास लागला. वहिनीबद्दल बोललो, घराबद्दल बोललो, शेवटी शिवला. उन्हाने माझं भादरलेलं डोकं तापलं होतं. घरी येऊन चार घास खाल्ले आणि पडलो तो मेल्यासारखा झोपलो.

आरडाओरड्याने जाग आली. साडेपाच वाजले होते. खाली गल्लीत आग्नेलो अनवाणी उभा, गळ्यात गिटार तशीच अडकवलेली, हेडफोनची वायर लोंबतेय, आणि ओरडत होता, "गर्टी! गर्टी!" त्याने डोळे उघडले तेव्हा बाक रिकामा होता. किती वेळ रिकामा होता ते त्याला सांगता येईना. अर्धा तास असेल, तासही असेल. एरवी चारला मी गॅलरीत असतो, वहिनी असते. त्या दिवशी वहिनीला दहाव्याला आलेल्या बायकांनी आतल्या खोलीत घेरलेलं, आणि मी घोरत पडलेलो.

आम्ही सगळे शोधायला निघालो. चर्च, चौपाटी, स्टेशन, मार्केट. उत्तनला फोन केला, तिथे तिचं कोणी उरलं नव्हतं, तरी केला. पोलिसांत फोटो दिला. टेरेन्स वसईहून आला. त्याने बापाच्या गळ्यातली गिटार काढून बाकावर ठेवली, बाकी एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सापडली. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात. पुलाच्या जिन्यावरून पडली होती, खुबा मोडलेला, डोक्याला मार. लोकांनीच तिथे आणून पोचवलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे सत्तर.' नाव विचारलं तर ती उत्तनच्या घराचा पत्ता सांगत होती म्हणे, जो आता कुठे नाहीच. आग्नेलोने तिचा हात धरला तर तिने त्याला विचारलं, "तुम्ही कोण?" मी बाजूलाच होतो. तोपर्यंत ती सगळं जग विसरली होती, पण त्याला कधीच विसरली नव्हती.

तिसऱ्या रात्री ती गेली. वॉर्डातच, परक्या पलंगावर. आमच्या दादाचं तेरावं त्याच दिवशी दुपारी झालं होतं. रीतसर.

शिवडीला माती दिली. चर्चमध्ये सातव्या दिवसाचा मिस्सा झाला आणि त्याच संध्याकाळी मी आग्नेलोची पायरी चढलो. टेरेन्स आत बॅगा भरत होता, दुसऱ्या दिवशी बापाला वसईला घेऊन जाणार होता. आग्नेलो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. सहा दिवस मी मनात जे घोळवत होतो ते एका दमात बोलून टाकलं. न बोलता मला जेवण उतरत नव्हतं.

"आग्नेलो, वहिनीने पाचव्याच दिवशी मला सांगितलं होतं. तू मोठ्याने वाजव म्हणून. तिची काही हरकत नव्हती. मी तुला बोललो नाही. माझ्या हेकटपणापायी गर्टी गेली. तुला काय करायचं ते कर माझं."

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वहिनीने मलाच सांगितलं ना. आठव्या दिवशी सकाळी. तू आंघोळीला गेला होतास, ती गॅलरीत आली. बोलली, आग्नेलो, तुझी मोठी गिटार काढ, आमच्या भावोजीचं ऐकू नको."

म्हटलं, "मग? गर्टी तर बसत होती ना त्या छोट्या गिटारीपाशी? म्हणून नाही काढलीस?"

"कुठे बसत होती?" तो म्हणाला. "पहिला दिवस बसली. दुसऱ्या दिवसापासून उठायला बघायची. मी तिच्या गाऊनच्या टोकावर पाय ठेवायचो. असा. पाय ठेवून वाजवायचो, म्हणजे ती उठली की मला कळायचं." त्याने पाय पुढे करून दाखवलं. "त्या दिवशी कधी निघाला पाय, कळलंच नाही."

"अरे, मग मोठी का नाही काढलीस? वहिनी स्वतः सांगते, गर्टी उठतेय, तुला दिसतंय, तर मग का नाही काढलीस?"

तो खाली बघत बोलला. "तू एवढं केलंस. भावाच्या सुतकात, डोकं भादरलेला, माझ्याबरोबर दादरला आलास. एक-एक गिटार डोळ्याला लावून बघितलीस. दिवसातून तीनदा यायचास विचारायला, कशी वाजते, कशी वाजते. काय सांगू तुला? म्हटलं, राहिलेत किती दिवस, पाच. काढू पाच दिवस. मग मोठी घेऊ. नायतर तुला वाईट वाटलं असतं, जयवंत."

माझा तोल गेला. मयताच्या घरात, आत त्याचा मुलगा बॅग भरत असताना, मी त्याच्यावर ओरडलो. "गाढवा! वाईट वाटलं असतं तर वाटू द्यायचं होतंस! तोंडावर सांगायचं होतंस, की जयवंत, तुझी गिटार भिकार आहे! पाण्याच्या नळावरून मला आईवरून शिव्या घातल्या होत्यास, तेव्हा नाही वाटलं मला वाईट वाटेल?"

टेरेन्स बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं असणार. माझ्या दंडाला धरून अगदी सभ्यपणे म्हणाला, "अंकल, आता तुम्ही जा."

मी आलो. आग्नेलो वसईला गेला त्याला आता चार महिने झाले. मी फोन करतो, तो चांगलं बोलतो. माझ्या तब्येतीची, वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करतो. एकदाही रागाने बोलला नाही.

मी रोज तोच हिशोब मांडतो. त्याने आठव्या दिवशी मोठी गिटार काढली असती, तर मी गॅलरीचं दार आपटलं असतं. एक वेळ जेवलो नसतो. चार दिवस त्याच्याशी बोललो नसतो. पाचव्या दिवशी बोललो असतो.

एवढंच झालं असतं.